मातीची पाळ आणि राखणीचा धर्म

मराठीतील 'धरण' आणि 'धर्म' हे दोन्ही शब्द संस्कृतातील 'धृ' या एकाच धातूकडे जातात, आणि त्या धातूचा अर्थ धरून ठेवणे, सावरणे, आधार देणे असा आहे. व्युत्पत्तीचे असे नाते पुष्कळदा नुसते कुतूहल ठरते आणि त्यावर विचाराची इमारत उभारणे धोक्याचे असते. तरीही गावाजवळच्या लहान मातीच्या धरणाचा विचार करताना ते बाजूला सारता येत नाही, कारण वरच्या अंगाला साठलेले पाणी आणि खालच्या अंगाला वसलेली माणसे यांच्यामध्ये जी मातीची पाळ उभी असते, ती अक्षरशः धरून ठेवण्याचेच काम रात्रंदिवस करीत असते. अशी पाळ अनेकांसाठी बांधलेली असते, अनेकांची तहान तिच्यावर भागते आणि तिचे टिकणे मात्र कोणाच्या तरी राखणीवर अवलंबून असते. ती राखण झाली नाही आणि पाळ फुटली, तर त्या न राखण्याला धर्मविचारात काय नाव द्यावे, ते पाप, प्रमाद, दैव की नुसता अभाव, हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे.

बृहदारण्यक आणि छांदोग्य या दोन उपनिषदांत आत्म्याला 'सेतू' म्हटले आहे, आणि त्याचे कारण देताना हे सारे लोक एकमेकांत मिसळून विस्कटू नयेत म्हणून तो त्यांना वेगळे धरून ठेवतो, असे सांगितले आहे. आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे सेतू म्हटले की पूल येतो. परंतु जुन्या संस्कृतात या शब्दाचा एक मुख्य अर्थ पाणी अडवणारा बांध असा आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर तो प्रामुख्याने याच अर्थाने येतो, आणि उपनिषदातील कारण बांधालाच नेमके लागू पडते, कारण पूल दोन काठ जोडतो आणि बांध दोन बाजू वेगळ्या ठेवतो. छांदोग्यात पुढे तो सेतू ओलांडण्याचीही भाषा येते, त्यामुळे दुसरा अर्थ पूर्णपणे नाकारता येत नाही; पण शेताच्या बांधावर उभे राहून विचार करणाऱ्या समाजाला विश्व सावरणाऱ्या तत्त्वासाठी बांधाची प्रतिमा सुचावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ही पाळ आतून कशी असते, हे पाहिल्याशिवाय पुढचा विचार हवेत राहील. महाराष्ट्रातील लहान मातीच्या धरणात साधारणपणे मधोमध चिकण काळ्या मातीचा दाबून भरलेला गाभा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचे कवच असते, पाण्याकडच्या उतारावर लाटांनी माती धुपू नये म्हणून दगडांचे अस्तर असते, आणि एका कडेला जास्तीचे पाणी सुखरूप निघून जावे यासाठी सांडवा असतो. मातीचे कोणतेही धरण पूर्णपणे कोरडे नसते. पाणी त्यातून थोडेथोडे झिरपतच असते, आणि पायथ्याशी येणारा पाझर निर्मळ असेल तर त्यात भिण्यासारखे काही नसते. भिण्याची वेळ येते ती तो पाझर गढूळ होऊ लागला म्हणजे, कारण गढूळ पाण्याचा अर्थ पाणी आता भरावातील माती कणाकणाने बाहेर वाहून नेत आहे असा असतो. आत एक बारीक नळी तयार होते, ती पाण्याच्या दिशेने मागे मागे खात जाते, आणि बरेच दिवस बाहेरून काहीही दिसत नाही. पाळीवर वाढू दिलेली बाभूळ पुढे तोडली की तिची मुळे आत कुजून पोकळ वाट तयार होते. घुशी, उंदीर, खेकडे बिळे करतात. रोजच्या वाटेने जाणारी गुरे माथ्याला खळगा पाडतात. थोडे जास्त पाणी साठावे किंवा मासे वाहून जाऊ नयेत म्हणून कोणी सांडव्यात दगड आणि जाळ्या रचतो, आणि मग मोठ्या पावसात पाणी सांडवा सोडून माथ्यावरूनच उलटते. मातीच्या धरणावरून पाणी उलटणे म्हणजे त्याचा शेवट जवळ आल्याची खूण. जाणता माणूस या गोष्टी उन्हाळ्यातच ओळखतो: चैत्रात सगळी पाळ करपलेली असताना खालच्या उतारावर एकाच जागी गवत हिरवेगार दिसले, तर तेथे थांबून वाकून पाहावे लागते, पायाने जमीन दाबून पाहावी लागते आणि ओल आली तर ते पाणी ओंजळीत घेऊन त्यात माती आहे का, हे उजेडाकडे धरून पाहावे लागते.

त्याच झिरपण्यावर गावाचे पाणीही चालते, ही या विषयातील सर्वांत विचार करायला लावणारी बाब आहे. पाझर तलाव या नावातच त्याचा हेतू आहे: अडवलेले पाणी तळातून जमिनीत मुरावे आणि खालच्या अंगाच्या विहिरींना मे महिन्यातही पाणी राहावे, यासाठी तो बांधलेला असतो, आणि १९७२च्या दुष्काळातील कामांपासून महाराष्ट्रात असे तलाव मोठ्या संख्येने झाले. त्याच्याही आधी, १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात महात्मा फुले यांनी, पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांत जाण्यापूर्वी शेतांत मुरेल असे बांध सरकारने आपल्या लष्कर आणि पोलिसांच्या श्रमातून घालून द्यावेत, अशी सूचना केली होती. पाणी तळातून सुटले तर विहीर भरते, तेच भरावातून माती घेऊन सुटले तर वस्ती बुडते. म्हणजे धरून ठेवणे याचा अर्थ सर्व काही कोंडून ठेवणे असा होत नाही. किती सोडायचे, कोठून सोडायचे आणि आपल्याला किती झेपणार नाही हे ओळखून सांडवा मोकळा ठेवायचा, हा विवेक धारणेच्या पोटातच येतो.

धर्मशास्त्राने तलाव बांधण्याला 'पूर्त' या सदरात घातले आहे. यज्ञयाग हे 'इष्ट' आणि विहिरी, तलाव, बागा, देवालये, अन्नदान हे 'पूर्त', अशी ती विभागणी असून, दोन्ही मिळून 'इष्टापूर्त' असा जोडशब्द वेदकाळापासून चालत आला आहे. तलाव खोदून झाला की त्याचा 'उत्सर्ग' करावा लागे. उत्सर्ग म्हणजे स्वतःचे स्वामित्व सोडून ती वस्तू सर्व प्राणिमात्रांसाठी मोकळी करणे. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतील भेद स्पष्ट केला आहे: दानात वस्तू एका ठरावीक व्यक्तीच्या मालकीची होते, उत्सर्गात ती कोणा एकाचीच होत नाही, आणि म्हणून उत्सर्ग करणारा स्वतःही इतरांपैकी एक म्हणून त्या पाण्याचा उपयोग करू शकतो. सार्वजनिक या शब्दामागची इतकी नितळ कल्पना जुन्या वाङ्मयात क्वचितच आढळेल. मात्र सर्व प्राणिमात्र म्हणताना शेजारच्या माणसाला वगळणाऱ्या समाजानेच ती कल्पना शतकानुशतके मोडली, हेही येथेच नोंदवले पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो लोकांसह जाऊन प्यावे लागले, कारण ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती तेथे अस्पृश्य मानलेल्या माणसांना मज्जाव होता. उत्सर्गाचा विधी झाला म्हणून वस्तू सर्वांची होत नाही. ती सर्वांची आहे असे रोज वागावे लागते.

उत्सर्गातून दुसरीही अडचण निघते, आणि ती या लेखाच्या प्रश्नाला अधिक जवळची आहे. जे कोणा एकाचे नाही ते राखायचे कोणी? बांधणाऱ्याच्या आणि फोडणाऱ्याच्या बाबतीत शास्त्र अगदी स्पष्ट बोलते. विष्णुधर्मसूत्रात विहीर, तलाव किंवा देवालय यांची डागडुजी करणाऱ्याला मूळ बांधणाऱ्याइतकेच फळ सांगितले आहे. मनुस्मृतीत तलाव फोडणाऱ्याला वधाची शिक्षा आहे आणि त्याने तो पुन्हा नीट करून दिला तर सर्वांत मोठा दंड आहे. कौटिल्य तर पाणी असलेला बांध फोडणाऱ्याला त्याच पाण्यात बुडवण्याची शिक्षा सांगून, मोडकळीस येऊन टाकून दिलेला बांध फोडणाऱ्यालाही दंडातून सोडत नाही. राखण न करणाऱ्याकडे मात्र या परंपरेत लक्ष दिले ते कौटिल्याने: बांध भोगवट्याला किंवा गहाणवटीला घेणाऱ्याने त्याची दुरुस्ती केली पाहिजे आणि न केल्यास झालेल्या नुकसानीच्या दुप्पट दंड भरला पाहिजे, असा त्याचा नियम आहे. हा व्यवहाराचा नियम झाला. पुण्यपापाच्या हिशेबात बांधणे, दुरुस्त करणे आणि फोडणे यांना जे ठळक स्थान मिळाले, ते नुसते लक्ष ठेवण्याला आणि लक्ष न ठेवण्याला मिळाले नाही.

जुनागढजवळच्या गिरनार पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सुदर्शन तलावाची हकीकत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त याने तो बांधवला, अशोकाच्या काळात यवन अधिकारी तुषास्फ याने त्याला पाट काढले, आणि महाक्षत्रप रुद्रदामनाच्या काळी, शक वर्ष ७२ म्हणजे इसवी सन १५०च्या सुमारास, वादळी पावसात पर्वतावरून उतरणाऱ्या नद्यांना पूर येऊन त्याचा बांध ४२० हात लांब, तितकाच रुंद आणि ७५ हात खोल असा खचला. अशोकाचे लेख असलेल्या त्याच खडकावर रुद्रदामनाने हे सारे कोरून ठेवले आहे: खिंडाराचा आकार पाहून मंत्र्यांनी काम नाकारले, प्रजेने आशा सोडून आक्रोश केला, आणि शेवटी पह्लव अमात्य सुविशाख याने ते पुरे केले, तेही लोकांवर कर किंवा वेठ न लादता, राजाच्या कोशातून. स्कंदगुप्ताच्या काळात, इसवी सन ४५५च्या सुमारास, तो पुन्हा फुटला आणि चक्रपालिताने तो बांधून काढला. बांधणारा, पाट काढणारा, दुरुस्त करणारा, सर्वांची नावे दगडावर राहिली. मौर्यकाळापासून रुद्रदामनापर्यंतच्या चार शतकांहून अधिक काळात दर पावसाळ्यापूर्वी त्या बांधावरून चालत जाऊन बिळे बुजवणारे जे कोणी असतील, त्यांच्यापैकी एकाचेही नाव राहिलेले नाही. खरे पाहता तलाव टिकला तो त्यांच्यामुळे.

न करणे हे करण्यासारखेच फळ देते काय, हा वाद भारतीय दर्शनांत जुना आहे. नित्यकर्म, म्हणजे ज्याचे वेगळे फळ सांगितलेले नाही पण जे रोज करायलाच हवे असे कर्म, ते न केल्यास 'प्रत्यवाय' म्हणजे दोष लागतो, असे मीमांसेच्या परंपरेत मानले गेले. शंकराचार्यांनी यावर घेतलेला आक्षेप तर्कदृष्ट्या बळकट आहे: कर्म न करणे हा अभाव आहे, आणि अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू उत्पन्न होऊ शकत नाही. हा युक्तिवाद धरणाला लावला, तर न बुजवलेले बीळ हा अभाव ठरेल, धरण फोडणारे कारण पाणी ठरेल, आणि ज्याने बीळ बुजवले नाही तो कारणांच्या साखळीतून अलगद बाहेर पडेल. परंतु आचार्यांच्या विचाराचा असा वापर करणे हा त्याचा गैरवापर होय, कारण त्यांचा वाद मोक्ष आणि वैदिक कर्म यांच्या संबंधाचा होता, आणि गीतेच्या चौथ्या अध्यायातील कर्म व अकर्म यांविषयीच्या श्लोकावर भाष्य करताना त्यांनीच असे दाखवून दिले आहे की मी काही न करता स्वस्थ बसलो आहे असा अहंकार धरून जो बसतो, त्याचे ते बसणेही कर्मच असते. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त याच श्लोकावर लिहिताना आणखी ठाम भूमिका घेतली आहे. डोळ्यांदेखत आईबापांवर घाला येत असताना जो हलत नाही त्याचे न हलणे वरून अकर्म दिसले तरी ते कर्म, नव्हे विकर्म, ठरते आणि त्याचे फळ त्याला चुकत नाही, असा त्यांचा आशय आहे. मातीची पाळ या वादात टिळकांच्या बाजूने साक्ष देते. ज्याने धरण बांधले, त्याने पाण्याला वर थांबवले आणि त्या थांबलेल्या पाण्याखाली माणसांना झोपू दिले. ही क्रिया बांधकाम संपले त्या दिवशी संपत नाही, पाणी अडलेले असेपर्यंत ती चालूच राहते. म्हणून तेथील दुर्लक्ष हा चालू असलेल्या कर्माचाच भाग असतो, ते रिकामेपण नव्हे.

२ जुलै २०१९च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि खालच्या भेंदवाडीतील घरे वाहून जाऊन वीसहून अधिक माणसे दगावली. गळतीबद्दल ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या, हे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले, आणि नंतर खेकड्यांनी भराव पोखरल्याचे कारणही सांगितले गेले. खेकडे भराव पोखरतात, यात खोटे काही नाही. पण खेकडा आपल्या स्वभावाप्रमाणे वागतो आणि त्याच्यावर कोणतेही कर्तव्य नसते, म्हणून त्याचे नाव घेतल्याने घटनेचे वर्णन होते, उत्तरदायित्वाचा प्रश्न जागच्या जागी राहतो. दैवाचे नाव घेतल्यानेही तेच होते. याज्ञवल्क्यस्मृतीत दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, यांना रथाची दोन चाके म्हटले आहे आणि एका चाकावर रथ चालत नाही असे बजावले आहे. अतिवृष्टी हे एक चाक धरले, तर दुसऱ्या चाकाचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार परंपरेनेच दिलेला आहे.

याहून अवघड प्रश्न मेलेल्यांचा आहे. कर्मसिद्धांताने दोन आपत्ती टाळल्याचा दावा केला आहे: 'कृतनाश', म्हणजे केलेल्या कर्माचे फळ वाया जाणे, आणि 'अकृताभ्यागम', म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ पदरी पडणे. झोपेत वाहून गेलेल्या मुलाकडून कोणते बीळ बुजवायचे राहिले होते? सिद्धांत वाचवायचा तर त्याच्या मागल्या जन्माकडे बोट दाखवावे लागते, आणि तसे दाखवणारे पुष्कळ असतात. परंतु पूर्वकर्माचे वाक्य दुःख भोगणाऱ्याने स्वतःविषयी, मनाला धीर देण्यासाठी उच्चारले तर त्याला अर्थ आहे. ज्याच्याकडे राखण होती त्याने ते बुडालेल्यांविषयी उच्चारणे हा अधर्म आहे, मग शब्द कितीही शास्त्रशुद्ध असोत. या बाबतीत पाली त्रिपिटकातील संयुत्तनिकायात आलेला सीवक नावाच्या परिव्राजकाशी बुद्धाचा संवाद अधिक प्रामाणिक वाटतो. सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते हे मत बुद्धाने तेथे नाकारले असून पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुपालट, बाहेरून आलेला आघात आणि कर्मविपाक यांच्या सोबत 'विषमपरिहार', म्हणजे वेडीवाकडी, नीट न घेतलेली काळजी, हेही दुःखाचे स्वतंत्र कारण म्हणून सांगितले आहे. तेथे तो शब्द शरीराच्या संदर्भात आला आहे, पण पाळीला तो तितकाच लागू पडतो.

राखण ही एकट्याच्या सद्गुणावर सोडायची गोष्ट नव्हे, हे महाराष्ट्रातील जुन्या व्यवस्थांना ठाऊक होते. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने मातीच्या पाळी घालून हजारो तलाव उभे केले, जे आज माजी मालगुजारी किंवा 'मामा' तलाव म्हणून ओळखले जातात. धानाला पाणी मिळत होते म्हणून तळ्यातला गाळ काढण्याला आणि पाळीवर माती टाकण्याला गावाचा हात लागत असे. मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० साली झाला. जमीनदारी संपणे न्याय्यच होते, परंतु तलाव सरकारजमा होताना त्यांच्याबरोबर राखणीची रीत कोणाच्या हवाली करायची, याचा विचार तितक्या काळजीने झाला नाही, आणि पुष्कळ तलाव गाळाने भरत गेले. खानदेशातील पांझरा आणि मोसम नदीकाठच्या फड पद्धतीत बंधारे दगडी असले तरी राखणीचे तत्त्व तेच होते: पाणी वाटणारा पाटकरी, पिकावर नजर ठेवणारा जागल्या, त्यांचा मोबदला धान्यात, आणि हंगामापूर्वी पाट साफ करायला सगळ्या खातेदारांची हजेरी. दोष कोणाचा, हा प्रश्न तेथे फारसा अडत नसे, कारण कोणते काम कोणाचे, हे आधीच ठरलेले असे. २०२१चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना आणि दहा ते पंधरा मीटर उंचीच्या काही अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो, आणि तो आवश्यकच आहे. पण असंख्य पाझर तलाव आणि गावतळी त्या उंचीच्या खाली राहतात, त्यांच्या पायथ्याशी मात्र घरे असतात.

तलाव भरला की जलपूजन होते, साडीचोळीने पाण्याची ओटी भरली जाते, काठावरच्या साती आसरांच्या शेंदूर लावलेल्या दगडांपुढे नारळ फुटतो. पाण्याविषयीची ही कृतज्ञता खरी आहे आणि ती जपावी अशीच आहे. तिच्या जोडीला वैशाखात, तलाव रिकामा असताना, विळा आणि घमेले घेऊन पाळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाणे, बाभळीची रोपे लहान असतानाच उपटणे, बिळांत माती ठासणे, सांडव्यातले दगड काढणे, हाही पूजेचा दिवस असायला हरकत नव्हती. पूर्तधर्माच्या विचारात त्याला जागा आहे, विधी तेवढा कोणी सांगितला नाही.

महाभारताच्या आदिपर्वात धौम्य ऋषींनी पांचाल देशातल्या आरुणी या शिष्याला शेताचा फुटलेला बांध अडवायला पाठवले, काही केल्या पाणी थांबेना तेव्हा तो स्वतःच त्या खिंडारात आडवा झाला आणि पाणी थांबले. कथा गुरुभक्तीची म्हणून सांगितली जाते, आणि तशी ती आहेच. पण जेथे आधी मातीची पाटी पुरली असती तेथे उशीर झाल्यावर माणसाचा देह घालावा लागतो, हेही तिच्यातून दिसते. गुरूने हाक मारली तेव्हा तो बांध फोडून उठला, म्हणून त्याला उद्दालक हे नाव मिळाले, आणि श्वेतकेतूला आत्मविद्या सांगणारा छांदोग्यातला उद्दालक तो हाच, असे परंपरा मानते. तो उठल्यावर ते खिंडार कोणी आणि कधी बुजवले, हे मात्र कथेत आलेले नाही.